लसींत असतें तरी काय?

आपल्या लेकराच्या दंडांत सुई टोचूं देण्यापूर्वीं एखाद्या आईनें “ह्या बाटलींत काय आहे?” असें विचारिलें, तर तिच्यावर रागावण्याचें कारण नाहीं. मुलाच्या तोंडीं लावावयाचें दूध ती आधीं हुंगून पाहते. मग त्याच्या रक्तांत जावयाची वस्तु तिनें डोळे मिटून कां स्वीकारावी? प्रश्न रास्त आहे. परंतु रास्त प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावर तें ऐकून घेणें हेंहि तितकेंच रास्त आहे. लसींतील द्रव्यांमुळें मुलांस स्वमग्नता येते कीं काय, ह्याविषयीं १९९८ सालापासून जगभर वाद चालत आला आहे. ह्या पाठांत त्या वादाचा विचार करावयाचा आहे. विषय दूरदेशींचा वाटेल. पण अशा भीतीची किंमत आपल्या शेजारच्या गांवांतहि द्यावी लागते. म्हणून आरंभ भिवंडीपासूनच करूं.

१. भिवंडींत काय घडलें

कामवारी नदीच्या कांठचें भिवंडी हें यंत्रमागांचें शहर वाचकांस ठाऊक आहे. २०११ सालच्या जनगणनेंत त्याची वस्ती सात लाखांहून अधिक भरली. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या प्रांतांतून लोक मागावर काम करण्यास येतात, मंदी आली कीं गांवीं परततात, आणि पुन्हां येतात. अशा कुटुंबांतील मुलाचा एक डोस गांवीं होतो, दुसरा राहून जातो, आणि लसीकरणाचें कार्ड कोठें तरी पेटींत पडून राहतें. त्यांत २०२० सालीं करोनाची साथ आली व नेहमींचें लसीकरण पुष्कळ ठिकाणीं विस्कळित झालें.

२०२२ च्या शेवटच्या महिन्यांत मुंबई, भिवंडी व मालेगांव येथें गोवराची साथ उसळली. त्या वर्षीं नोव्हेंबरांत भिवंडीचें आठ महिन्यांचें एक बालक मुंबईच्या रुग्णालयांत गोवराच्या आजारानें दगावलें. आपल्या देशांत गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. म्हणजे त्या बालकाचा लस घेण्याचा दिवसच उगवला नव्हता. त्याचें रक्षण त्याच्या स्वतःच्या दंडांत नव्हतें. तें शेजारच्या मुलांच्या दंडांत होतें. गोवर हा अत्यंत सांसर्गिक रोग आहे. एक रोगी, ज्यांस लस मिळालेली नाहीं अशा बारा ते अठरा जणांस तो देऊं शकतो. म्हणून शंभरांपैकीं सुमारें पंचाण्णव मुलांस दोन्ही डोस मिळाले, तरच रोगाची वाट बंद होते, आणि अंगावर पिणारें मूलहि सुरक्षित राहतें.

ह्या साथीचें खापर एकट्या अफवेवर फोडणें अन्यायाचें होईल. दारिद्र्य, दाटी, कुपोषण, स्थलांतर हीं सर्व कारणें तीमागें होतीं. परंतु भीति हेंहि एक कारण होतें, हें नाकारतां येत नाहीं. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रांत नऊ महिने ते पंधरा वर्षें वयाच्या मुलांस गोवर-रुबेला लस देण्याची मोठी मोहीम झाली. त्या वेळीं, ही लस पुढें मुलांस अपत्य होऊं नये म्हणून दिली जाते, अशा वार्ता मोबाइलवरून घरोघर फिरल्या. शिकलेल्या घरीं भीति स्वमग्नतेच्या नांवानें येते, मजुरांच्या वस्तींत ती वंध्यत्वाच्या नांवानें येते. नांवें निराळीं, मूळ एकच, कीं बाटलींत कांहीं तरी लपविलेलें आहे. तेव्हां बाटली उघडूनच पाहूं.

२. पहिला आरोप कसा उत्पन्न झाला

१९९८ च्या फेब्रुवारींत ‘लान्सेट’ ह्या विलायतेंतील वैद्यकीय नियतकालिकांत अँड्र्यू वेकफील्ड व त्याचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत केवळ बारा मुलांची हकीकत होती. गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्र लस दिल्यावर थोड्याच दिवसांत कांहीं मुलांच्या वागण्यांत बिघाड दिसला, असें त्यांतील पालकांचें म्हणणें होतें. ही लस स्वमग्नतेचें कारण आहे असें निबंधानें सिद्ध केलें नव्हतें. परंतु वेकफील्ड यानें पत्रकारांपुढें ही एकत्र लस थांबविण्याविषयीं बोलून दाखविलें, आणि ठिणगी पडली.

पुढें ब्रायन डीअर ह्या पत्रकारानें शोध केला. लस करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा उभा करणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यास चार लक्ष पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती, व ही गोष्ट त्यानें वाचकांस सांगितली नव्हती, असें उघडकीस आलें. मुलांच्या रुग्णालयांतील नोंदी व निबंधांतील वर्णन यांचा मेळहि बसेना. २००४ सालीं त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांनीं त्या निष्कर्षापासून आपलें अंग काढून घेतलें. २०१० च्या फेब्रुवारींत ‘लान्सेट’नें निबंधच मागें घेतला, आणि त्याच वर्षीं ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनें वेकफील्ड याचें नांव डॉक्टरांच्या नोंदवहींतून काढून टाकलें.

एका माणसाची अप्रामाणिकता ठरली, एवढ्यावर मात्र आम्हीं थांबूं नये. लबाड माणसाच्या तोंडूनहि कधीं खरी गोष्ट निघते. म्हणून ती गोष्ट स्वतंत्रपणें तपासली पाहिजे. ती तपासली गेली. डेन्मार्क देशांत प्रत्येक मुलाच्या लसीची व आजाराची नोंद ठेवितात. १९९९ ते २०१० ह्या काळांत तेथें जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी पाहून २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची तुलना करतां, लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचें प्रमाण अधिक आढळलें नाहीं. ज्या घरीं थोरल्या भावंडास स्वमग्नता होती, त्या घरच्या मुलांतहि लसीमुळें वाढ दिसली नाहीं. बारा मुलांच्या गोष्टीस साडेसहा लक्ष मुलांनीं दिलेलें हें उत्तर आहे.

३. दुसरा आरोप: पारा

कित्येकांचा आक्षेप लसीवर नसून तींतील थायोमर्सल ह्या द्रव्यावर आहे. त्यांत पारा असतो, हें खरें आहे; आणि पारा विषारी आहे, हेंहि खरें आहे. मग तें लसींत घालावें तरी कां? ह्याचें उत्तर दोन दुःखद प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग आपल्याच देशाचा. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस शोधून काढली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें परळच्या प्रयोगशाळेंतून ही लस हिंदुस्थानभर जाऊं लागली. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतून लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. त्या वेळीं नव्या कृतींत कार्बोलिक ॲसिड हें जंतुनाशक द्रव्य गाळलें होतें, म्हणून दोष प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांस पद सोडावें लागलें. पुढें दिसून आलें, कीं बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध केला नव्हता. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले, आणि १९२५ सालीं त्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

दुसरा प्रसंग ऑस्ट्रेलियांतील बंडाबर्ग गांवचा. १९२८ च्या जानेवारींत तेथें घटसर्पाची लस अनेक मुलांस एकाच बाटलींतून देण्यांत आली. त्या बाटलींत जंतुनाशक द्रव्य नव्हतें. वारंवार सुई घातल्यानें तींत जंतु शिरले व वाढले, आणि १२ मुलें मेलीं. असे प्रसंग पुन्हां येऊं नयेत म्हणून अनेक डोसांच्या बाटलींत अत्यल्प जंतुनाशक घालण्याची रीत पडली, आणि १९३० नंतर थायोमर्सल त्या कामीं येऊं लागलें. ज्या द्रव्यावर आज मुलें बिघडविल्याचा आरोप आहे, तें मुलें मरूं नयेत म्हणून बाटलींत आलें.

पण पारा तो पाराच ना? येथें एक भेद समजून घ्यावा. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणींत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं, तीं मिथिल नांवाच्या अल्कोहोलानें. नेहमींच्या दारूंत असतें तें इथिल अल्कोहोल. दुसरें हितकारक आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु दोहोंचें कूळ एक असतां एक डोळे व प्राण घेतें आणि दुसऱ्याचें तसें नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पाऱ्याचेंहि असेंच आहे. दूषित माशांतून येणारा मिथिल पारा शरीरांत दीर्घ काळ रेंगाळतो व मज्जातंतूंस अपाय करितो. थायोमर्सलपासून निघणारा इथिल पारा लौकर बाहेर टाकला जातो; तान्ह्या मुलाच्या रक्तांतील त्याचें प्रमाण सुमारें आठवड्याभरांत अर्ध्यावर येतें.

ह्याहून ठळक पुरावा पुढील आहे. डेन्मार्कनें १९९२ सालींच मुलांच्या लसींतून थायोमर्सल काढून टाकलें. अमेरिकेनें १९९९ सालीं सावधगिरी म्हणून तसाच निर्णय घेतला, व २००१ पर्यंत मुलांच्या नेहमींच्या लसींतून तें गेलें. केवळ फ्लूच्या कांहीं लसींत राहिलें. पारा हें कारण असतें, तर त्यानंतर स्वमग्नता कमी होत जावयास पाहिजे होती. दोन्ही देशांत तिच्या नोंदी वाढतच गेल्या. विहिरीचें पाणी बंद केल्यावरहि रोग वाढतच राहिला, तर रोग त्या विहिरींतला नव्हता, असेंच शहाणा माणूस म्हणेल.

आणि भिवंडीच्या आईनें हें तर अवश्य ध्यानांत ठेवावें, कीं गोवराच्या लसींत थायोमर्सल नसतेंच. ती लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. जंतुनाशक घातलें तर ते विषाणूच मरतील व लस निकामी होईल.

४. मग गोवराच्या लसींत काय असतें

सरकारी लसीकरणांत वापरली जाणारी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस ही गोठवून सुकविलेली भुकटी असते. तींत गोवराचे व रुबेलाचे दुबळे विषाणू असतात. ते टिकावेत म्हणून जिलेटिन आणि सॉर्बिटॉल हा साखरेच्या वर्गांतील पदार्थ घालतात. ऐन वेळीं सोबतच्या शुद्ध पाण्यांत ती विरघळवितात, आणि जंतुनाशक नसल्यामुळें चार तासांनंतर उरलेली लस टाकून देतात. परिचारिका उरलेली लस फेंकते ती उधळेपणानें नव्हे; मुल्कोवाल व बंडाबर्ग पुन्हां घडूं नये म्हणून.

जिलेटिन प्राण्यांपासून निघतें, म्हणून आमच्या मुसलमान बांधवांच्या मनांत प्रश्न उठतो. त्याची थट्टा करूं नये. त्यांच्याच विद्वानांनीं त्याचा विचार केला आहे. १९९५ सालीं कुवेत येथील परिषदेंत, मूळ पदार्थाचें संपूर्ण रूपांतर झाल्यावर तो निषिद्ध राहत नाहीं, असा अभिप्राय पडला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनें २०१८ सालीं ह्याच लसीविषयीं निराळा विचार केला: घटक निषिद्ध खरा, परंतु बालकांचें रक्षण ही गरज मोठी व दुसरी लस उपलब्ध नाहीं, म्हणून ती घेण्यास मोकळीक आहे. वाटा दोन, मुलाच्या दंडापर्यंत दोन्ही एकाच ठिकाणीं पोंचतात.

लसीनें कांहींच होत नाहीं, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. गोवराच्या लसीनंतर आठवड्याभरानें कांहीं मुलांस ताप येतो, कांहींच्या अंगावर पुरळ उठतो. क्वचित् तापांत झटका येतो. फारच क्वचित् तीव्र ॲलर्जी होते. लस टोचल्यावर अर्धा तास थांबवून ठेवितात, तें ह्यासाठींच. आणि खरा दोष सांपडला तर तो लपतहि नाहीं. जपानांतील एकत्रित लसींत गालगुंडाच्या एका वाणामुळें मेंदूच्या आवरणास सूज येते असें आढळलें, तेव्हां १९९३ सालीं त्या देशानें ती लस बंद केली. बंद झाल्यावर योकोहामा शहरांत स्वमग्नतेच्या नोंदी मोजल्या, तों त्या वाढतच गेलेल्या दिसल्या. एक दोष खरा ठरला, दुसरा ठरला नाहीं. दोन्ही मोजून ठरले.

ह्या तापाच्या पलीकडच्या पारड्यांत गोवर ठेवून पाहावा. त्यानें फुप्फुसदाह होतो, हगवण लागते, डोळे जातात. सुमारें हजार रोग्यांत एकाच्या मेंदूस सूज येते. पूर्वीं झालेल्या रोगांशीं लढण्याची शरीराची आठवणहि गोवर पुसून टाकतो, आणि मूल कित्येक महिने दुबळें राहतें.

५. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास

तरीहि एखादी आई म्हणेल, “माझें मूल बोलत होतें, दीड वर्षाची लस झाली, आणि त्याचें बोलणें थांबलें. माझ्या डोळ्यांदेखत घडलें तें खोटें कसें?” बाईचें म्हणणें खोटें नाहीं. तिनें जें पाहिलें तें खरेंच घडलें. प्रश्न एवढाच, कीं एकामागून दुसरें घडलें म्हणून एकामुळें दुसरें घडलें काय? मृगाचा पाऊस पडतो त्याच सुमारास शाळा उघडतात; पण शाळेच्या घंटेनें पाऊस पडत नाहीं. गोवराचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. स्वमग्नतेचीं लक्षणेंहि नेमकीं त्याच वयांत घरच्यांच्या लक्षांत येऊं लागतात: हांक मारिली तर मूल वळून पाहत नाहीं, बोट दाखवून मागत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं. दोन्ही एकाच महिन्यांत येणें अपरिहार्य आहे. म्हणूनच लस घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांसहि मोजावें लागतें. डेन्मार्कमध्यें तेंच केलें.

मेंदूच्या घडणींतील हा फरक बहुधा जन्मापूर्वींच सुरू होतो, आणि त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे, असें संशोधनानें दाखविलें आहे. ह्या वादाची एक मोठी हानि ही, कीं हजारों आयांनीं “मींच त्यास लस टोचविली” म्हणून वर्षानुवर्षें स्वतःस अपराधी मानिलें. अशा बाईस आम्ही सांगतों: बाई, तुझा अपराध नाहीं. तुझें मूल बिघडलेलें नाहीं, शापितहि नाहीं. तें निराळ्या रीतीनें वाढणारें मूल आहे, आणि त्यास लौकर मदत मिळाली तर पुष्कळ लाभ होतो. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्यांत स्वमग्नतेची गणना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करितात. मुलाविषयीं शंका आली तर त्यांस अवश्य सांगावें.

६. भीतीचें पीक

अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत सोमालियांतून आलेले पुष्कळ कामकरी लोक राहतात. भिवंडीच्या मजुरांप्रमाणेंच तेहि परमुलुखांत आलेले, परभाषेंत गोंधळलेले. त्यांच्या मुलांत स्वमग्नता अधिक आहे अशी काळजी तेथें उत्पन्न झाली. लसीचे विरोधक, व स्वतः वेकफील्ड, त्यांच्यांत जाऊन बोलले. २००४ सालीं जन्मलेल्या सोमाली मुलांत शेंकडा ९२ जणांस वेळेवर लस मिळाली होती. २०१४ सालीं जन्मलेल्यांत तें प्रमाण ४२ वर आलें. २०१७ सालीं गोवर आला व ७५ माणसें आजारी पडलीं. स्वमग्नता मात्र कमी झाली नाहीं.

वाद अजूनहि पेटविला जातो. २०२५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें आपल्या संकेतस्थळावरील मजकूर बदलला, आणि “लसींमुळें स्वमग्नता येत नाहीं” हें विधान पुराव्यावर आधारलेलें नाहीं, असें लिहिलें. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें त्याचा निषेध केला. ह्या बदलासोबत लाखों मुलांच्या मोजणीस खोडून काढील असा नवा पुरावा पुढें आला नाहीं. आरोप गल्लींतून आला तरी पुरावा मागावा, आणि मोठ्या कचेरींतून आला तरीहि मागावा.

७. आपलें कर्तव्य

पहिलें, शंका घेणाऱ्या शेजाऱ्यास मूर्ख म्हणूं नये. ज्यास हिणविलें तो ऐकत नाहीं. त्याचा प्रश्न पुरा ऐकावा, व ठाऊक असेल तेवढेंच सांगावें.

दुसरें, आपल्या घरच्या मुलांचीं कार्डें आजच काढून पाहावीं. नऊ महिने पुरे होतांच पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. सरकारी केंद्रांत दोन्ही विनामूल्य मिळतात. डोस चुकला असेल तर लाजूं नये, जाऊन घ्यावा. कामासाठीं गांव सोडतां, तेव्हां कार्ड बरोबर न्यावें.

तिसरें, मुलास ताप, खोकला, डोळ्यांची लाली व पुरळ दिसला तर घरगुती उपचारांत दिवस दवडूं नयेत. गोवर झालेल्या मुलास डॉक्टर अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. त्यानें डोळे व प्राण वांचण्यास मदत होते.

भिवंडीच्या त्या आठ महिन्यांच्या बालकास बोलतां येत नव्हतें, “माझ्या भोंवतालच्यांनीं लस घेतली आहे काय?” असें तें विचारूं शकलें नाहीं. आपल्या आळींत तेवढ्याच वयाचें मूल आज पाळण्यांत असेल. त्याच्या वतीनें तो प्रश्न आपण स्वतःस विचारावा, आणि उत्तर कार्डावर पाहावें.

विचारासाठीं प्रश्न

१. भिवंडीच्या बालकाचें रक्षण शेजारच्या मुलांवर कां अवलंबून होतें?
२. जंतुनाशक द्रव्य लसींत कां आलें? गोवराच्या लसींत तें कां घालीत नाहींत?
३. “मागून घडलें” व “त्यामुळें घडलें” यांतील भेद दाखविणारें आपल्या अनुभवांतील एक उदाहरण सांगा.
४. लसीस भिणाऱ्या शेजारणीशीं आपण कोणत्या शब्दांत बोलाल?